मायफळापासून टाकणखारापर्यंत

छायाचित्राची कृष्णधवल फिल्म घरच्या घरी धुवावयाची तर औषध कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता बाजारहाटाचा वाटतो. दुकानात जावे, बाटली अथवा पाकीट आणावे, पाण्यात मिसळावे, झाले. परंतु ज्या औषधाला आपण डेव्हलपर म्हणतो त्याचा सुमारे एकशे पंच्याऐंशी वर्षांचा इतिहास चाळून पाहिला, तर या साध्या प्रश्नामागे एक जुना तंटा उभा असलेला दिसतो. औषधाची कृती कोणाच्या मालकीची, आणि ती लोकांपुढे मांडली आहे की तिजोरीत बंद आहे, हा तो तंटा. तो एकदा प्रत्यक्ष न्यायालयातही गेला होता, आणि माझ्या व्यवसायामुळे मला त्याचे थोडे अधिकच अगत्य आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

डेव्हलपर काय करतो ते प्रथम पाहू. फिल्मवर जिलेटिनच्या पातळ थरात चांदीच्या लवणाचे अतिसूक्ष्म कण असतात. कॅमेऱ्याची खिडकी क्षणभर उघडून मिटली की ज्या कणांवर प्रकाश पडला त्यांच्यात काही फरक होतो खरा, पण तो डोळ्यांना दिसत नाही. या न दिसणाऱ्या चित्राला सुप्त प्रतिमा म्हणतात. डेव्हलपरचे काम एवढेच, की प्रकाश लागलेल्या कणांतली चांदी मोकळी करावी आणि न लागलेल्यांना शिवू नये. अशी सूक्ष्म विखुरलेली चांदी काळी दिसते. उरलेले लवण मागाहून हायपोच्या द्रावणात विरघळून जाते आणि निगेटिव्ह तयार होते. यातली हायपोची क्रिया पुन्हा करता येते, पाण्याने धुणे पुन्हा करता येते, निगेटिव्हवरून छापे तर शंभर काढता येतात. डेव्हलपरची क्रिया मात्र एकदाच होते. देवळाच्या जत्रेची पालखी, घरातल्या वृद्धांचे अखेरचे छायाचित्र, जे काही त्या गुंडाळीवर असेल ते या दहा-बारा मिनिटांत राहते किंवा जाते. म्हणून निवडीचे महत्त्व.

आता मूळ कथेकडे वळू. इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने आरंभी जी चित्रे काढली त्यांत सगळे काम प्रकाशाकडूनच करून घेतलेले असे. कागद काळा पडेपर्यंत तो उन्हात धरावा लागे. १८४० च्या सप्टेंबरात त्याला असे आढळले की कागदावर चित्र दिसू लागण्याच्या पुष्कळ आधी तो कॅमेऱ्यातून काढला आणि त्याला गॅलिक आम्ल व सिल्व्हर नायट्रेट यांचे मिश्रण लावले, तर दडलेले चित्र आपोआप वर येते. तासाच्या हिशेबाचे काम मिनिटांच्या हिशेबावर आले. हे गॅलिक आम्ल मिळे मायफळापासून. मायफळ म्हणजे बाळगुटीच्या सहाणेवर आपल्या घरांत उगाळतात तेच. नावात फळ असले तरी ते फळ नव्हे. ओकच्या जातीच्या झाडावर एक कीटक अंडी घालतो, तेथे झाड गाठ धरते, ती ही गाठ. छायाचित्रणाचे पहिले डेव्हलपर असे कोणाही वैद्याच्या बटव्यात सापडणाऱ्या वस्तूतून निघाले, याचे मला नेहमी कौतुक वाटते.

टॅल्बटने ८ फेब्रुवारी १८४१ रोजी या रीतीचे पेटंट घेतले. पेटंट म्हणजे एक प्रकारचा करारच. शोधकर्त्याने आपली कृती सर्वांस कळेल अशी लिहून द्यावयाची, आणि मोबदल्यात राज्याने त्याला ठरावीक वर्षे एकाधिकार द्यावयाचा. त्या काळी ही मुदत चौदा वर्षांची होती. कृती उघड झाली, पण तिच्या दाराला कुलूप लागले. ज्याला ती वापरावयाची त्याने टॅल्बटला फी द्यावी. दहा वर्षांनी, १८५१ मध्ये, फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या एका शिल्पकाराने काचेवर कलोडियनचा थर देऊन चित्र घेण्याची नवी रीत प्रसिद्ध केली आणि तिच्यावर काहीही हक्क सांगितला नाही. तिच्यात डेव्हलपर म्हणून पायरोगॅलिक आम्ल वापरत. हे आम्ल गॅलिक आम्ल तापवून मिळते. म्हणजे ते त्याचेच अपत्य म्हणावयाचे. टॅल्बटचे म्हणणे पडले की काच असो वा कागद, सुप्त प्रतिमा अशा द्रव्याने वर आणणे हीच आपली मालमत्ता होय, आणि आर्चरची रीतही आपल्याच पेटंटात येते. १८५२ मध्ये त्याने आपले बहुतेक हक्क सोडून दिले, परंतु धंदा म्हणून माणसांची छायाचित्रे काढणाऱ्यांवरचा हक्क राखून ठेवला. मार्टिन लारोश हे व्यावसायिक नाव धारण केलेल्या लंडनच्या एका छायाचित्रकाराने फी देण्याचे नाकारले, आणि प्रकरण कोर्टात गेले.

डिसेंबर १८५४ मध्ये कोर्ट ऑफ कॉमन प्लीजमध्ये सरन्यायाधीश जर्व्हिस व ज्यूरी यांच्यापुढे तीन दिवस हा दावा चालला. वादीच्या बाजूने उभ्या असलेल्या बॅरिस्टरांत विल्यम ग्रोव्ह होता. हा गृहस्थ वकिलीबरोबर पदार्थविज्ञानही करी आणि वायूंपासून वीज निर्माण करणारी बॅटरी त्याच्या नावावर आहे. (असा वकील मिळणे हे पक्षकाराचे भाग्य की दुर्भाग्य, यावर आमच्या बाररूममध्ये मतभेद होतील.) प्रतिवादीच्या बाजूने जोसेफ रीड नावाचा एक धर्मोपदेशक साक्षीस आला. टॅल्बटच्या पेटंटपूर्वीच आपण मायफळाचा अर्क या कामी वापरला होता, असे त्याने सांगितले. ज्यूरीपुढे दोन प्रश्न होते. प्रथम व खरा शोधकर्ता कोण? आणि पायरोगॅलिक आम्ल हे गॅलिक आम्लाच्या जागी केवळ नाव पालटून आणलेले द्रव्य आहे काय?

निर्णय मोठा मार्मिक लागला. प्रथम व खरा शोधकर्ता टॅल्बट, परंतु तो या अर्थाने, की त्याने ही रीत प्रथम लोकांपुढे उघड केली. आणि लारोशने पेटंटचा भंग केलेला नाही. रीडने ती वस्तू आधी वापरली असेलही. पण ज्याने आपल्या खोलीत वापरून रीतसर प्रसिद्ध केले नाही त्याला कायदा शोधकर्ता म्हणत नाही. आणि ज्याने प्रसिद्ध केले त्यालाही आपल्या शब्दांपलीकडची जमीन बळकावता येत नाही. टॅल्बटला लोभी ठरवणे सोपे आहे, आणि त्याच्या समकालीनांनी ते मनसोक्त केले. मला मात्र वाटते, की त्याने लिहून दिले म्हणूनच इतरांना पुढे जाता आले. त्याचे पेटंट १८५५ मध्ये संपले. त्याने ते वाढवून घेण्याचा हट्ट धरला नाही. आर्चरने तर सर्व फुकट दिले, आणि १८५७ मध्ये तो जवळजवळ निर्धन स्थितीत वारला. उघडेपणाची किंमत नेहमी दुसराच कोणी भरतो असे नाही.

हा दावा लंडनला चालू होता त्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईस फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. जन्माने गोमंतकीय असलेले डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी एक. आर्चरच्या रीतीतली काच ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि ओली असतानाच धुवावी लागे. मुंबईच्या उष्म्यात थर पाहता पाहता वाळे. छायाचित्रकार जेथे जाईल तेथे अंधारखोलीचा तंबू, काचा, औषधे आणि पाणी यांचे बिऱ्हाड त्याच्यामागे जाई. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी करीत १८७४ च्या सुमारास लाला दीनदयाळ या कलेकडे वळले, आणि पुढे हैदराबादेस निजामाच्या पदरी त्यांनी कीर्ती मिळवली. त्यांच्या उमेदवारीचा काळ हा याच ओल्या काचांचा. या काचांसाठी पायरोगॅलिक आम्लाच्या जागी पुढे हिराकस सर्वत्र वापरात आला. हिरडा व हिराकस यांपासून शाई करण्याची रीत आपल्याकडे ठाऊक होतीच. शाई आणि डेव्हलपर यांच्या दुकानातले अर्धे जिन्नस एकच होते, असे म्हणावयास हरकत नाही.

मग आल्या कोरड्या काचा, आणि त्यांच्या मागून फिल्म. १८८८ मध्ये अमेरिकेतील ईस्टमनने शंभर चित्रांची गुंडाळी घालूनच कॅमेरा विकावयास काढला. चित्रे संपली की कॅमेराच कारखान्यात पाठवावयाचा. तेथे फिल्म धुऊन, नवी घालून तो परत येई. सोय मोठी झाली, पण फिल्म धुण्याची विद्या घरातून उठली आणि ती दुकानदाराच्या पडद्यामागे गेली. त्याच सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ नवनवी द्रव्ये बाजारात आणीत होते. हायड्रोक्विनोनचा गुण इंग्लंडच्या कॅप्टन अ‍ॅबनीने १८८० मध्येच दाखवला होता. १८९१ मध्ये मेटॉल आले, आणि त्याच वर्षी बर्लिनच्या आग्फा कंपनीच्या मोमे आंड्रेसेनने रोडिनालचे पेटंट घेतले. रोडिनाल हे घट्ट द्रावण. पंचवीस किंवा पन्नास पट पाणी घालून वापरावे आणि फेकून द्यावे. बाटली वर्षानुवर्षे टिकते, आतले औषध काळपट झाले तरी काम देते. आजही ज्याला वर्षातून दोनतीनच रोल धुवावयाचे आहेत त्याला मी बिनदिक्कत हेच सुचवीन, फक्त चित्रातला दाणा किंचित जाड दिसतो हे त्याने पत्करावे.

घरी फिल्म धुण्याचा विषय निघाल्यावर मराठी माणसाला एका घराची आठवण न होणे अशक्य आहे. धुंडिराज गोविंद फाळके हे वडोद्याच्या कलाभवनात शिकले. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये उभारलेली ही संस्था. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला चापेकर बंधूंनी फासलेले डांबर जे पुढे स्वच्छ करू शकले तेच हे गज्जर. तेथे फाळके छायाचित्रण आणि छपाईच्या कला शिकले. १९१२ मध्ये ते विलायतेहून कॅमेरा घेऊन आले व दादरच्या आपल्या बिऱ्हाडी 'राजा हरिश्चंद्र'च्या उद्योगास लागले. कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडलेली नसत. ती रात्री अंधारात पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत. औषधे मोजून मिसळणे, फिल्म धुणे हेही त्या शिकल्या, आणि यावर पुन्हा कामावरच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडेच असे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये जे चित्र लोकांनी पाहिले ते असे एका गृहिणीच्या हाताखालून गेले होते. फाळक्यांच्या चरित्रात या कामाला दोनचार ओळी मिळतात. पण ज्याने एकदा तरी अंधारात हाताने चाचपडत फिल्म गुंडाळली आहे त्याला त्या दोनचार ओळींतले कष्ट बरोबर कळतात. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे, म्हणून तांबड्या दिव्यात चित्र वर येताना डोळ्यांनी पाहता येई. आजच्या बहुतेक फिल्मांना पूर्ण काळोखच लागतो.

पहिल्या महायुद्धात जर्मनीचा माल बंद झाला आणि मेटॉलसाठी इंग्लंड-अमेरिकेतले छायाचित्रकार हवालदिल झाले. एका देशाच्या कारखान्यांवर विसंबल्याचा परिणाम त्यांनी पाहिला, आणि तिकडे ही द्रव्ये करण्यास आरंभ झाला. पुढे कोडॅकच्या कॅपस्टाफ या रसायनज्ञाने सिनेमाच्या निगेटिव्हच्या नकला काढण्यासाठी एक सौम्य डेव्हलपर बसवला, आणि १९२६-२७ च्या सुमारास त्याची कृती कंपनीने छापून प्रसिद्ध केली. हेच ते डी-७६. लायकासारखे छोटे कॅमेरे नुकतेच निघाले होते. त्यांच्या चिमुकल्या फिल्मला बारीक दाण्याचे औषध हवे होते, ते हौशी लोकांनी या सिनेमावाल्यांच्या कृतीत शोधून काढले. इल्फर्ड कंपनी त्याच जातीचे औषध आयडी-११ या नावाने विकते.

डी-७६ ची कृती अशी: एक लिटर द्रावणात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम. बस्स. मेटॉल व हायड्रोक्विनोन ही काम करणारी जोडी. एकेकटी जेवढे करतात त्यांच्या बेरजेपेक्षा ती मिळून अधिक करतात. टाकणखार औषधाला सौम्य अल्कधर्मीपणा देतो. सल्फाइट हवेपासून राखण करते, आणि एवढ्या मोठ्या प्रमाणात असल्यामुळे चांदीचे लवण किंचित विरघळवून दाणा मऊ करते.

याहून साधी कृती कोडॅकच्याच हेन व क्रॅबट्री यांनी १९४४ मध्ये दिली. तिचे नाव डी-२३. तिच्यात दोनच द्रव्ये: मेटॉल ७.५ ग्रॅम आणि निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, पाणी एक लिटर. हायड्रोक्विनोन नाही, टाकणखारही नाही. चित्राचा उठाव थोडा सौम्य येतो. आपल्याकडच्या रखरखीत उन्हातल्या चित्रांना तो दोष नव्हे, गुणच आहे.

माझे मत विचाराल तर घरी प्रथमच हे काम करणाऱ्याने डी-७६ किंवा आयडी-११ चे तयार पाकीट घ्यावे. कारण साधे आहे. कोणत्याही कंपनीची कृष्णधवल फिल्म घ्या, तिच्यासाठीच्या कोष्टकात या औषधाची मिनिटे बहुधा दिलेली असतातच. हात बसल्यावर, ज्याच्याकडे ग्रॅम तोलणारा काटा आहे त्याने डी-२३ स्वतः करावे. मात्र सल्फाइट, सल्फेट आणि थायोसल्फेट ही तीन निरनिराळी द्रव्ये आहेत. दस्तऐवजात एका अक्षराने जमीन जाते, तशी येथे एका अक्षराने फिल्म जाते. सल्फाइट निर्जल नसून खड्यांचे असेल तर ते दुप्पट, म्हणजे २०० ग्रॅम घ्यावे. साधारण पन्नास अंशांच्या ऊन पाण्यात प्रथम चिमूटभर सल्फाइट, मग सगळे मेटॉल, आणि ते विरघळल्यावर उरलेले सल्फाइट, असा क्रम ठेवावा. सल्फाइट आधी पुष्कळ झाले तर मेटॉल विरघळत नाही. मेटॉलने काहींच्या कातडीला खरूज उठते, म्हणून हातमोजे घालावेत. भांडी वेगळी ठेवावीत आणि स्वयंपाकघरात पुन्हा आणू नयेत. सोवळ्या-ओवळ्याचा हा एक नियम असा आहे की त्याला रसायनशास्त्राचाही दुजोरा आहे.

गुप्त कृतीची औषधे वाईट असतात असे नाही. १९६२ मध्ये निघालेले कोडॅकचे एचसी-११० हे उत्तम व टिकाऊ औषध म्हणून अनेकांचे आवडते. पण त्याची संपूर्ण कृती कंपनीने डी-७६ सारखी छापून दिली नाही, आणि अलीकडे मधासारखी घट्ट बाटली पातळ होऊन आली तेव्हा वापरणाऱ्यांना तर्क करण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. कंपन्या अमर नसतात. आग्फाफोटोने २००५ मध्ये दिवाळे जाहीर केले, कोडॅकने २०१२ मध्ये न्यायालयाकडे संरक्षण मागितले. आपल्या उटकमंडला १९६० मध्ये स्थापन झालेली आणि १९६७ पासून 'इंदू' फिल्म काढणारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सही बंद पडली. आग्फा गेली, पण रोडिनाल गेले नाही. पेटंट कधीच संपले होते, त्यातली द्रव्ये सर्वांस ठाऊक होती, आणि इतरांनी ते करावयास घेतले. याच्या उलट कोडाक्रोम ही रंगीत फिल्म. तिला धुण्याची विशेष द्रव्ये एकटी कोडॅकच पुरवी. ती बंद झाल्यावर अमेरिकेतल्या शेवटच्या प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० नंतर धुण्यासाठी रोल घेणे थांबवले. कपाटात राहून गेलेल्या कोडाक्रोमच्या रोलांतून रंग आता निघत नाहीत. निघाले तर कृष्णधवल चित्र निघते, आणि ते अशाच साध्या, छापील कृतीच्या औषधांतून. कोणा घरी किंवा देवस्थानच्या पेटीत जुना, न धुतलेला कृष्णधवल रोल सापडला, तर त्याच्यासाठी औषध आज मिळते आणि उद्याही करता येईल. फक्त त्याच्यावर हात शिकू नये. आधी दोन नवे रोल अंगणातल्या तुळशीवृंदावनाची चित्रे काढून धुवावेत, मग त्याला हात लावावा.

कॉफीचा उल्लेख केला नाही तर तरुण वाचक रागावतील. १९९५ मध्ये रोचेस्टर येथील तंत्रसंस्थेत प्राध्यापक स्कॉट विल्यम्स व त्यांचे विद्यार्थी यांनी दाखवून दिले की झटपट विरघळणारी कॉफी आणि धुण्याचा सोडा यांच्या द्रावणात फिल्म धुतली जाते. कॉफीतल्या कॅफिक आम्लाचा हा गुण. पुढे त्यात क जीवनसत्त्वाची भर घालण्यात आली. मायफळाच्या वंशातलेच हे आणखी एक झाड म्हणता येईल. गंमत म्हणून करून पाहावे. पण वास असह्य असतो आणि प्रत्येक कॉफीचा गुण निराळा, तेव्हा पालखीचा रोल तिच्यात घालू नये.

उष्णतेविषयी मात्र सावध राहावयास हवे. कोष्टकांतली मिनिटे बहुधा वीस अंश उष्णतेची असतात, आणि वैशाखात पणजी काय, हैदराबाद काय, नळाचे पाणी तीस अंशांच्या वर असते. ऊन औषधात काम भराभर होते आणि जिलेटिन फुगून हळवे होते. कोडॅकने उष्ण देशांसाठी सोडियम सल्फेट घातलेली डीके-१५ नावाची निराळी कृतीही एके काळी दिली होती. घरी तिची गरज पडू नये. बर्फाच्या परातीत बाटली ठेवून औषध वीस ते चोवीस अंशांवर आणावे, आणि कोष्टक पाच मिनिटांहून कमी वेळ सांगत असेल तर औषधात तितकेच पाणी घालून वेळ वाढवावी. फार थोड्या वेळात फिल्म सारखी धुतली जात नाही. हायपो आणि धुण्याचे पाणीही त्याच उष्णतेचे घ्यावे. थंड औषधातून एकदम ऊन पाण्यात गेलेल्या जिलेटिनला सुरकुत्या पडतात, आणि त्या पुढे प्रत्येक छाप्यात उमटतात.